सव्वीस स्वारांची नजर

पेणच्या गणपतीवाल्यांकडे एक गोष्ट ठाम असते. माती कुणीही मळावी, साचा कुणीही भरावा, सोंडेला पॉलिश पेपर कुणीही मारावा. डोळे मात्र घरातल्याच हातानं काढायचे. त्याला आखणी म्हणतात. तुकारामअण्णांच्या कारखान्यात ही आखणी आधी अण्णांच्या वडिलांनी केली, मग अण्णांनी, आणि पुढं ती त्यांच्या मुलानं, सूर्यकांतनं करायची हे तो पाळण्यात होता तेव्हाच ठरलेलं. आणि हा बाबा जाऊन बसला कुठं? तर दुबईत, अल क्वोजच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, नेपोलियनच्या घोडेस्वारांना मिशा काढत.

का गेला, याला फार मोठं कारण नव्हतं. गणपती वर्षातून एकदा येतात, पोट रोज येतं. मुंबईत एका ओळखीच्या पेंटरनं सांगितलं, की दुबईत मोठमोठ्या हॉटेलांना जुन्या विलायती चित्रांच्या नकला लागतात, हात चांगला असला तर माणसं घेतात. सूर्यकांतचा हात चांगलाच होता. दोन वर्षं म्हणून गेला, मधे एकदा महिनाभर येऊन गेला, आणि बघता बघता साडेचार वर्षं झाली.

शेडची मालकीण शहरबानू मॅडम, मूळच्या मुंबईच्या बोहरी. कामाला कडक, पण शब्दाला पक्की बाई. त्यांच्याकडे चित्राची कामंसुद्धा वाटून दिलेली असत. एक फिलिपिनो नुसतं आभाळ आणि धूर रंगवायचा. एक बांगलादेशी चाचा कपडे, बटणं, तलवारी करायचा. घोडे आणि माणसांचे चेहरे सूर्यकांतकडे. पुस्तकातला फोटो घ्यायचा, त्यावर चौकोन आखायचे, तेवढेच चौकोन खडूनं मोठ्या कापडावर आखायचे, आणि एकेक चौकोन खाली उतरवत न्यायचा. चित्र कुणाचं, लढाई कुठली, जिंकलं कोण, याच्याशी तिथं कुणाला देणंघेणं नव्हतं. त्यातल्या त्यात ऑफिसातला ज्युड जरा माहिती सांगायचा. ज्युड वसईचा, कॅथलिक, मॅडमचा उजवा हात. अख्ख्या शेडमध्ये मराठी बोलायला सूर्यकांतला तो एकटाच.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये मोठं काम आलं. दुबई मरीनाला नवीन टॉवर उभा राहिला होता, त्यात खाली एक रेस्टॉरंट होणार होतं, आणि त्याची एक आख्खी भिंत चित्रानं भरायची होती. बावीस फूट लांब, नऊ फूट उंच. नेपोलियनच्या घोडदळानं शत्रूवर घोडे घातलेत, असं ते चित्र. छातीवर लोखंडी पत्रे, डोक्यावर घोड्याच्या केसांचे तुरे, हातात सरळ तलवारी, आणि घोडे तर असे, की चारी पाय एकदम हवेत, दोन पुढं ताणलेले, दोन मागं. शेडचा पठाण ड्रायव्हर गावाकडं घोडे पाळायचा. तो फोटो बघून पोट धरधरून हसला. म्हणाला, असा घोडा पळत नाही, असा घोडा फक्त पडतो. ज्युडनं सांगितलं की त्या काळचे चित्रकार असेच घोडे काढायचे, कारण पळत्या घोड्याचे पाय नीट कुणाला दिसायचेच नाहीत. आणि वर सूर्यकांतला डिवचलं, की तुमच्या लोकांनी आमच्या वसईवर घोडे घातले तेव्हा ते तरी जमिनीवर पाय टेकून आले होते ना?

चित्रात डोळे दिसतील असे स्वार होते सव्वीस आणि घोडे एकोणीस.

सूर्यकांत राहायचा मुहैस्नाहच्या कामगार-कॅम्पात, एका खोलीत आठ जण. सकाळी अंधारात बस, संध्याकाळी बस. आता आठ माणसांत राहणाऱ्याला एकटं कसलं वाटतं, असं कुणी म्हणेल. पण खोलीतले दोघं रात्रपाळीचे, दोघं मल्याळी, बाकीचे आले की भिंतीकडं तोंड करून झोपणार. साइटवर गेलं तर वॉचमन मागच्या गेटकडं बोट दाखवणार, लिफ्टमध्ये साहेबलोक आकडे बघत उभे राहणार. साडेचार वर्षांत त्याच्या डोळ्याला डोळा देऊन कुणी बघितलं नव्हतं. वाईट कुणी वागलं नाही, तसं म्हणायला जागा नाही. नजर त्याच्यावर यायची आणि भिंतीवरून सरकावी तशी सरकून जायची. शुक्रवारी दुपारी बिछान्यावर पडलं की त्याला वाटायचं, आपण आहोत की नाही हे कुणाला तरी विचारून बघावं.

मे महिन्यात त्यानं घरी फोन लावला, तेव्हा अण्णांनी विषय काढला. काचबिंदूनं उजवा डोळा गेलाच होता, आता डाव्यालाही पुसट दिसायला लागलं होतं. सूर्यकांतची बायको नर्मदा मागून सांगत होती, की पुसट कसलं, चहाचा कप चाचपून उचलतात. अण्णा तिला गप्प करून म्हणाले, की यंदा मूर्ती कमी केल्यात, एकशेऐंशीच आहेत, रंगून तयार होतील, डोळे तेवढे कोरे ठेवतो.

"तू ये आणि काढ," अण्णा म्हणाले. "दुसऱ्याच्या हातात मी ब्रश देणार नाही."

गणपती त्या वर्षी एकतीस ऑगस्टला होते. एकशेऐंशी मूर्तींची आखणी म्हणजे आठ-दहा दिवस. विसाव्या तारखेला घरी पोचायलाच हवं. सूर्यकांत दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभा राहिला. सगळ्यांचे पासपोर्ट मॅडमच्या कपाटात असत, तशी तिथं रीतच होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की चित्र भिंतीवर चढलं, हॉटेलवाल्यानं पास केलं, की त्याच दिवशी पासपोर्ट आणि तिकीट हातात. तोवर नाही. जुलैअखेर चित्र चढणार होतं. म्हणजे हिशेब बरोबर बसत होता.

मग काय, गडी झपाटल्यासारखा कामाला लागला. जूनमध्ये घोडे झाले, जुलैत चेहरे झाले, आणि सगळ्यात शेवटी, घरच्या रिवाजाप्रमाणं, डोळे.

लहानपणी अण्णांनी त्याला आखणी शिकवली ती अशी: मूर्ती पाटावर ठेवायची, डोळे काढून झाले की अण्णा आधी समोर उभे राहायचे, मग चार पावलं डावीकडं, मग चार पावलं उजवीकडं. कुठूनही बघितलं तरी देवानं आपल्याकडं बघितलं पाहिजे. नजर जरा तुटली की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचे आणि म्हणायचे, "आंधळा केलास रे देवाला." हे वाक्य सूर्यकांतनं एवढ्या वेळा ऐकलं होतं, की आंघोळ करतानाही ते त्याच्या कानात असायचं. हात तसाच घडला. त्याला डोळा काढ म्हटलं की समोरच्याकडं बघणाराच डोळा यायचा.

तोच हात त्या सव्वीस स्वारांवर फिरला.

झालं असं, की त्याला स्वतःला काही चुकलंय असं वाटलंच नाही. उलट बरं वाटायला लागलं. दुपारी सगळे सावलीत जेवायला जायचे, तो डबा घेऊन चित्रासमोर बसायचा. सव्वीस माणसं त्याच्याकडं बघायची. डावीकडं सरकला तरी बघायची, उजवीकडं सरकला तरी बघायची. पांढऱ्या मिशीवाल्या एकाला तो मामा म्हणायचा. कडेचा एक कोवळा स्वार पेणच्या पोस्टमनसारखा दिसायचा, त्याला तो रोज विचारायचा, काय रे, आज आहे का काही? वेड्यासारखं वाटायचं त्याचं त्यालाच. पण घास गोड लागायचा, हे खरं. भूगोलाच्या पुस्तकातल्या कुठल्या त्या फ्रान्सचे मेलेले शिपाई, आणि त्याला त्यांची सोबत व्हायला लागली. शेडमध्ये बाकी कुणी चित्र नीट बघितलं नाही. आभाळवाल्यानं आभाळ बघितलं, बटणवाल्यानं बटणं बघितली, ज्युडनं मोजमाप बघितलं.

दोन ऑगस्टला चित्र मरीनाच्या भिंतीवर चढलं. हॉटेलचा मॅनेजर लेबनानी होता. तो हात मागं बांधून आला, समोर उभा राहिला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. दोन पावलं डावीकडं गेला. मग उजवीकडं गेला. सूर्यकांतला क्षणभर अण्णाच आठवले आणि छाती फुगली. मॅनेजर ज्युडकडं वळून इंग्रजीत काहीतरी भराभर बोलला. ज्युडचा चेहरा उतरला.

"सूर्या," ज्युड मराठीत हळूच म्हणाला, "तो विचारतोय, हे सगळे माझ्याकडं का बघतायत? शत्रू तिकडं आहे ना, उजवीकडं. इथं माणसं जेवायला बसणार. सव्वीस शिपाई तलवारी उपसून ताटाकडं बघत असले तर घास उतरेल का कुणाच्या घशाखाली?"

सूर्यकांत चित्राकडं बघत राहिला. फोटो आठवला. फोटोतले सगळे स्वार उजवीकडं, चित्राच्या बाहेर, धुरापलीकडं बघत होते. पाच महिने तो फोटो डोळ्यासमोर होता आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या हातानं ऐकलीच नव्हती. ज्या कामानं आजवर पाठीवर थाप मिळाली, तेच काम इथं अंगाशी आलं होतं.

मॅडम चिडल्या, पण ओरडल्या नाहीत. कापड भिंतीला पक्कं झालं होतं, काढता येत नव्हतं. तिथंच परांची बांधून डोळे फिरवून दे, मॅनेजरनं हो म्हटलं की जा, एवढंच त्या म्हणाल्या. ज्युडनं युक्ती सांगितली, की डोक्याला ताप करून घेऊ नकोस, बुबुळं तेवढी उजव्या कोपऱ्यात ढकल, आठ दिवसांत खलास. सूर्यकांतनं तेच केलं. अकरा तारखेला मॅनेजर आला, बघितलं, मान हलवली. ज्युडनं तिथूनच मॅडमला फोन लावला आणि सूर्यकांतला म्हणाला, "चल भाऊ, सुटलास. उद्या पासपोर्ट घेऊन जा."

अकरा तारीख. घरी पोचायला नऊ दिवस हातात. अरे, माणसानं परांचीवरून उडी मारून पळत सुटावं की नाही?

पण हा खाली उतरला आणि समोर जाऊन उभा राहिला. नुसती बुबुळं ढकलली की काय होतं, ते आखणीवाल्यालाच कळतं. पापणी समोर, भुवई समोर, आणि बुबुळ तेवढं कोपऱ्यात. सव्वीसच्या सव्वीस स्वार तिरळे झाले होते. मामा चोरून बघत होता. पोस्टमन तर अगदी खुळा दिसत होता. आणि कानात ते वाक्य आलं. आंधळा केलास रे.

त्यानं ज्युडला सांगितलं, चार दिवस दे. ज्युडनं हात जोडले. म्हणाला, बाबा, त्यानं पास केलंय, तुझे वडील वाट बघतायत, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतोस? सूर्यकांत म्हणाला, फक्त पुढची रांग करतो, पंधराला निघालो तरी चालेल. हे त्यानं ज्युडला सांगितलं तसं स्वतःलाही सांगितलं. खरं दुसरंही होतं आणि ते तो कुणाला सांगणार नव्हता. ही माणसं इतके दिवस त्याच्याकडं बघत आली होती. त्यांना असं विद्रूप करून सोडून जाणं त्याच्या जिवावर आलं.

पुढची रांग नीट केली, तर मागची वाईट दिसायला लागली. पापणी फिरवली, तर भुवई फिरवावी लागली. भुवई फिरवली, तर गालाची सावली. जुना रंग खरवडायचा, पांढरा हात द्यायचा, तो वाळायची वाट बघायची, मग पुढचं. आणि रंग वाळतोय कुठं! ऑगस्टची दमट हवा, इमारतीतला एसी अजून सुरू झालेला नाही, भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. चार दिवसांचे आठ झाले. आठाचे बारा झाले. वीस तारीख गेली त्या रात्री त्यानं घरी फोन केला, की दोन दिवसांत निघतो. अण्णा म्हणाले, बरं. चोवीसला केला, तर पुन्हा म्हणाले, बरं. त्यानंतर फोन करायचं धाडस झालं नाही.

परांचीवर तो रोज एक-दोन स्वार फिरवायचा. बुबुळं कोपऱ्यात गेली तरी पापण्या आणि भुवया अजून त्याच्याकडंच होत्या; ज्याचा डोळा पुरा व्हायचा, तो त्याच्याकडं बघायचा थांबायचा. सकाळी वर चढला की आज किती जण आपल्याकडं बघतायत ते तो न मोजता मोजायचा. अकरा. सात. चार. शेवटी मामा आणि पोस्टमन राहिले. एकोणतीस तारखेला मामा गेला. तीस तारखेला सकाळी पोस्टमनची नजर त्यानं उजवीकडं, धुरापलीकडं, कुठंतरी लांब नेऊन ठेवली. खाली उतरून चित्रासमोर उभा राहिला. डावीकडं चार पावलं, उजवीकडं चार पावलं. काम अप्रतिम झालं होतं. एकसुद्धा माणूस त्याच्याकडं बघत नव्हता.

मॅनेजर जाता जाता थांबला, बघितलं, गुड म्हणाला आणि गेला. आधीच्यात आणि आताच्यात काय फरक आहे, ते त्याला कळलंसुद्धा नाही.

ज्युडनं पासपोर्ट आणि तिकीट आणून हातात दिलं. उद्या दुपारचं विमान, रात्री मुंबई, मध्यरात्रीपर्यंत पेण. म्हणजे गणपती बसल्यावर. वरातीमागून घोडं. ज्युडनं नुसता खांद्यावर हात ठेवला.

दुपारी मुहैस्नाहला परत आल्यावर सूर्यकांत टेलिफोनच्या बूथमध्ये शिरला. फोन नर्मदानं उचलला. उद्या येतोय, असं त्यानं सांगितलं. ती आवाज खाली आणून सांगायला लागली. पंचवीस तारखेला सकाळी अण्णांनी तिला रंग कालवायला बसवलं होतं. ब्रश तिच्या हातात दिला नाहीच. डाव्या अंगठ्यानं मूर्तीच्या डोळ्याची खोबण चाचपायची आणि उजव्या हातानं ब्रश टेकवायचा, असं पाच दिवस चाललं होतं.

"कशी झालीय आखणी?" सूर्यकांतनं विचारलं.

"अहो, एकाचाही डोळा जागेवर नाही," नर्मदा म्हणाली. "कुणी वर बघतोय, कुणी खाली. मी अण्णांना काही बोलले नाही. कालपासून लोक न्यायला येतायत. बघतात, गप्प होतात, हात जोडतात आणि पाटावर घेऊन जातात. एकानं तोंड उघडलं नाही. पाटणकरकाकू तेवढ्या म्हणाल्या, आमचा बाप्पा दाराकडं बघतोय. म्हणाल्या, असू दे, कुणाची तरी वाट बघत असेल."

तिकडं परक्या मुलखातल्या शिपायांच्या पापण्या सूर्यकांत केसाकेसानं फिरवत बसला होता, कुणाला न दिसणारी चूक काढत होता, आणि इकडं घरचे एकशेऐंशी देव असे गेले. त्याला स्वतःची लाज वाटली. साध्या शब्दांत सांगायचं तर तो बूथमध्ये उभ्या उभ्या रडला.

तेवढ्यात अण्णांनी फोन घेतला. आवाज खणखणीत होता.

"सूर्या, झालं बरं का सगळं. आता घाई नाही, सावकाश ये."

सूर्यकांत हो म्हणाला.

"कुणी नावं ठेवली नाहीत रे. एक मूर्ती परत आली नाही." अण्णांनीच पुढं विचारलं. "म्हणजे बघतायत ना?"

उभ्या आयुष्यात अण्णांनी आखणीबद्दल कुणाला काही विचारलं नव्हतं.

"बघतायत, अण्णा."

"तुला काय तिथनं दिसतंय?"

"तुम्ही काढलेत ना," सूर्यकांत म्हणाला.

अण्णा हसले. मग घोड्यांच्या चित्राचं विचारलं, पास झालं का, डोळे कसे आले. चांगले आले, एवढंच सूर्यकांतनं सांगितलं. बूथबाहेर लोकांची रांग लागली होती आणि मागचा माणूस काचेवर नाणं वाजवत होता.

"ऐक," अण्णा म्हणाले. "घरातली मूर्ती ठेवलीय. तिचे डोळे मी काढलेले नाहीत. गुरुजींना सांगितलंय, आमचा गणपती उद्या बसायचा नाही, परवा बसेल. तू ये, डोळे काढ, मग पूजा."

सूर्यकांतनं रिसीव्हर दुसऱ्या हातात घेतला. उजव्या हाताच्या बोटांना अजून टर्पेंटाइनचा वास येत होता. अठ्ठावीस दिवस त्या बोटांनी एकच काम केलं होतं, समोर बघणारी नजर उचलायची आणि लांब नेऊन ठेवायची. आज सकाळी पोस्टमनच्या वेळेला तर त्याला फोटोकडं बघावंसुद्धा लागलं नव्हतं.

"हात विसरला नाहीस ना?" अण्णांनी विचारलं.

"नाही, अण्णा," सूर्यकांत म्हणाला, आणि एकाच फोनवर तो वडिलांशी दुसऱ्यांदा खोटं बोलला.